ज्याचे पेढे कुणी वाटले नाहीत असं कॉलेजातलं काहीबाही

बेदाणा
शुक्रवार, रात्री ९:४०

गेल्या वर्षी भाच्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या दादानं अर्ध्या गावाला पेढे वाटले. पहिल्या सेमच्या निकालाला पुन्हा पेढे. ते ठीकच. पण परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. एवढ्या रात्री म्हणजे माझ्या पोटात गोळाच आला. तर म्हणतो, "आत्या, आज सिलिंडर मी एकट्यानं लावला. कुणाला विचारलं नाही." एवढंच सांगायला फोन! आईला सांगितलं तर ती घाबरणार, बापाला सांगितलं तर "मग काय झालं" म्हणणार, म्हणून आत्या.

फोन ठेवला आणि मला माझी सांगली आठवली. आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. मी सांगलीत कॉट बेसिसवर राहायचे आणि डबा गावाहून एसटीनं यायचा. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आई पहाटे भाकऱ्या थापणार, भाऊ सायकलवरून डबा फाट्यावर नेऊन सकाळच्या गाडीत देणार, आणि आम्ही पोरंपोरी स्टँडवर जाऊन आपापला डबा उचलणार. संध्याकाळी रिकामा डबा परतीच्या गाडीनं गावाला. वीस-पंचवीस डबे, सगळे स्टीलचे, सगळे सारखे, म्हणून झाकणावर ऑइलपेंटनं नाव घातलेलं. माझ्या झाकणावर भावानं लाल रंगात माझं नाव आणि खाली 'सांगली स्टँड' लिहिलेलं. रंग पातळ झाला होता, त्यामुळे अनुस्वाराचा ओघळ थेट कडीपर्यंत आलेला.

डबे मागच्या सीटखाली असायचे. थंडीत डबा हातात यायचा तो गारढोण, आमटीवर तेलाचा थर धरलेला. पहिलं वर्ष तसंच खाल्लं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एके दिवशी डबा उचलला तर कोमट! दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाकाच म्हणाले, "तुझा बॉनेटवर ठेवतो आता. झाकणावरचं नाव लांबनं दिसतंय."

ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं बॉनेट असतं ना, तापलेलं, त्यावर दोन-तीनच डबे मावायचे आणि ते वर्षानुवर्षं ठरलेल्या पोरांचे असायचे. त्यात माझा डबा गेला. मी खोलीवर जाऊन चार जणींना सांगितलं, त्यांनी माझी आमटी बोट बुडवून तपासली. शनिवारी घरी गेल्यावर आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं," आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

तर असलं काही सांगा. नियम एवढाच की निकाल नको, नोकरी नको, प्रेमप्रकरण तर अजिबात नको. त्याचे धागे आधीच पाचशेच्या वर गेलेत.


जुना_पाना
शुक्रवार, रात्री १०:०५

भाच्याला सांगा, वॉशर बघत जा.


बेदाणा
शुक्रवार, रात्री १०:११

@जुना_पाना, विचारलं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितले म्हणे. कुठून शिकला तर यूट्यूबवरून. म्हणजे "कुणाला विचारलं नाही" हे तेवढं खरं नाही.


सात_बेचाळीस
शुक्रवार, रात्री ११:३०

बदलापूर ते माटुंगा, तीन वर्षं.

रेल्वे कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून घ्यायचा, सही-शिक्का झाला की स्टेशनच्या खिडकीवर द्यायचा, पास निम्म्या पैशात. पहिला पास हातात पडला तेव्हा वाटलं, झालो मुंबईकर. कसला होतोय! पास मिळणं वेगळं आणि गाडीत जागा मिळणं वेगळं. आमची गाडी कर्जतहून भरून यायची. आत एक ग्रुप. बँकेतले दोघं, मंत्रालयातले एक, गोदीतले एक, बाकीचे काय करायचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते बसलेले, मी त्यांच्या गुडघ्यांत उभा. दोन महिने कुणी वर मान करून बघितलं नाही.

मग एका पावसाळी सकाळी गोदीवाले काका थोडे सरकले, बाकाच्या टोकाला चार बोटं जागा झाली. म्हणाले, "ए कॉलेज, टेक."

चौथी सीट! बाहेरगावच्यांनी हे नीट समजून घ्या. बाक तिघांचा. चौथा माणूस अर्ध्या बुडावर बसतो आणि एक पाय पॅसेजमध्ये रोवून स्वतःला पडू देत नाही. उभं राहणं त्यापेक्षा सोपं. डोंबिवली येईतो माझ्या मांडीत पेटके आले, पण उठलो नाही. नाव त्यांनी कधीच विचारलं नाही, मी तिन्ही वर्षं 'कॉलेज'च राहिलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्यात पूजा असते, झेंडूच्या माळा, पेढे, नारळ. त्या वर्षी वर्गणी माझ्याकडेही मागितली, वीस रुपये. वर्गणी मागितली म्हणून आनंद झालेला माणूस मी एकटाच असेन.


फोंडेकर
शनिवार, सकाळी ८:१५

आमचं लहानसं. गोव्यात पावसात स्कूटर चालवणं म्हणजे काय ते इथल्यांनाच ठाऊक. लायसन्स मिळून सहा महिने झाले तरी बाबा चावी देत नव्हते, कॉलेजला कदंबच, म्हणजे इथली सरकारी बस. एका संध्याकाळी धो धो पाऊस, आजीचं औषध संपलेलं. बाबांनी खुंटीवरची चावी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली, रेनकोट दिला आणि काही न बोलता टीव्हीकडे तोंड केलं. फार्मसी घरापासून चार मिनिटांवर. मी मुद्दाम लांबून गेलो.


टोपो_बहाद्दर
शनिवार, सकाळी १०:५०

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट. पुण्यात आम्ही 'टोपो मारणं' म्हणायचो, मुंबईवाले 'जीटी' म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. खिडकीचं तावदान काढायचं, दोन खुर्च्यांवर आडवं ठेवायचं, खाली ट्यूबलाइट. काचेवर हुशार पोराची शीट, तिच्यावर आपली कोरी. हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर सबमिशनच्या आठवड्यात एकाही खिडकीला काच नसायची आणि डास सगळे आत.

मी कायम टोपो मारणाऱ्यांतला. पण दुसऱ्या सेममध्ये मूळ शीट कुणाचीच तयार नव्हती, म्हणून वैतागून एक मीच काढायला बसलो. रात्री नऊ ते पहाटे चार. पेन्सिलीला टोक काढून काढून बोटं काळी, रोलर स्केल चिकट झालेली. पहाटे दार वाजलं. शेजारच्या खोलीतला, जो पूर्वी मला शीट द्यायचा, तो. म्हणाला, "झाली का तुझी? देतोस?"

मित्रांनो, माझ्याकडे. शीट. मागितली.

त्या शीटवरून बावीस जणांनी टोपो मारला. तपासणीच्या दिवशी सरांनी एकावर एक पाच-सहा शीटा ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या. आतल्या भोकाची जी तुटक रेघ असते, ती मी झोपेत भलतीकडेच काढली होती. सगळ्यांची तुटक रेघ एकाच चुकीच्या जागी, तेवढ्याच तुकड्यांची. सर वर्गाकडे वळून शांतपणे म्हणाले, "मूळ पुरुष कोण?"

उभा राहिलो. शीट पुन्हा काढायला लागली. पण 'मूळ पुरुष' हे नाव कॉलेज संपेपर्यंत चिकटलं आणि मला ते आवडायचं.


चौथा_मजला
शनिवार, सकाळी ११:१०

हाहा! आता ऑटोकॅड आहे, काचा शाबूत आहेत. फाईल घ्यायची, आपलं नाव टाकायचं. मागच्या सेमला मॅडमनी फाईलची प्रॉपर्टीज उघडली, 'ऑथर'मध्ये सगळ्यांच्या एकच नाव. मूळ पुरुष अजूनही सापडतो.


कोरडा_पाऊस
शनिवार, दुपारी १:३५

धागा वाचतोय. मजा आहे तुमची. पण चौथी सीट, खिडकीच्या काचा, असले आनंद करायला डोक्यात थोडी रिकामी जागा लागते. आम्ही 'कमवा आणि शिका'वाले. सकाळी कॉलेज, दुपारी काम, रात्री अभ्यास. पेढे वाटले न वाटले हा प्रश्नच कधी आला नाही. उगाच गळा काढत नाही, पण सगळ्यांचं कॉलेज एकसारखं नसतं एवढं नोंदवतो.


बेदाणा
शनिवार, दुपारी २:००

@कोरडा_पाऊस, मान्य आहे. पण मग तुमचंच सांगा की. काम काय असायचं?


कोरडा_पाऊस
शनिवार, रात्री ९:२०

काम विचारलंत म्हणून लिहितो.

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात कर्मवीर भाऊरावांनी १९४७ ला ही पद्धत कॉलेजच्या पातळीवर आणली, पुढे राज्यात ठिकठिकाणी पोचली. आमच्या कॉलेजात बहुतेकांना बागकाम यायचं, मला ग्रंथालय मिळालं. लोकांना वाटायचं, सावलीतलं काम. नवीन आलेल्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लिहून चिकटवायच्या. खळ स्वतः शिजवायची, त्यात मोरचूद टाकायचा, नाहीतर झुरळं चिठ्ठ्या खातात. मराठी साहित्याचा नंबर ८९१.४६. तीन वर्षांत मी तो किती वेळा लिहिला असेल देव जाणे. सुरुवातीला ग्रंथपाल चिठ्ठ्या परत करायचे, "आकडा शाईत बुडालाय, पुन्हा लिही." दुसऱ्या वर्षी एकदा एका प्राध्यापकांनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" ग्रंथपालांनी माझ्याकडे नुसती हनुवटी केली.

पण तुम्ही म्हणता तसा प्रसंग तो नाही. तो वेगळा आहे.

कॉलेजसमोर चहाची टपरी. आम्ही पाच जण. पहिलं वर्षभर माझ्या चहाचे पैसे कुणीतरी दुसरंच द्यायचं. कुणी कधी बोलून दाखवलं नाही, उलट मला कळू नये म्हणून आधीच देऊन टाकायचे. मला कळायचं. म्हणून मी कधीकधी "नको, पित्त झालंय" सांगायचो. पहिले पैसे हातात आले त्या संध्याकाळी टपरीवर गेलो आणि एकानं खिशात हात घातला, तर मी म्हणालो, "थांब रे, मी देतो." टपरीवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. चौघंही गप्प. मग त्यातला एक म्हणाला, "मग क्रीमरोल पण सांग." सगळे हसले. पाच चहा, पाच क्रीमरोल.

पित्ताचा त्रास मला कधीच नव्हता.


सात_बेचाळीस
शनिवार, रात्री ९:४१

क्रीमरोल सांगणाऱ्या त्या मित्राला माझा नमस्कार.


चौथा_मजला
शनिवार, रात्री ९:५०

+१. दुपारचा तुमचा प्रतिसाद वाचून थोडा राग आला होता. मागे घेतो.


शिक्का_८९
रविवार, सकाळी ७:३०

मी या धाग्यावरचा म्हातारा. मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं ते १९८९ च्या मार्चमध्ये, आणि नोव्हेंबरात लोकसभा. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, अठरा पूर्ण. थोरला भाऊ वीस वर्षांचा. त्याच्या हिशेबानं तो पुढच्या वर्षी घरातला नवा मतदार होणार होता आणि मी त्यानंतर दोन वर्षांनी. कायदा बदलला आणि दोघांचं पहिलं मतदान एकाच दिवशी, एकाच शाळेत, एकाच रांगेत. तो इतका चिडला होता! "दोन वर्षं मी उगाच मोठा होतो," म्हणाला. रांगेत मी त्याच्या पुढे होतो. शाई आधी मला लागली. मतपत्रिकेची घडी अशी घालायची की शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये, हे मी बाहेर येऊन त्याला समजावून सांगितलं. तो आत जाऊन आल्यावर माझ्याशी दिवसभर बोलला नाही.

आताच्या मुलांचं बरं आहे. वर्षातून चार तारखा आहेत, एक जानेवारी, एक एप्रिल, एक जुलै, एक ऑक्टोबर. अठरा झाले की सहा नंबरचा फॉर्म भरा.


कोळेरोग
रविवार, दुपारी १२:१०

हा माझा आयडी आहे, आजार नाही. :)

बी.एस्सी. अ‍ॅग्री, दापोली. शेवटच्या वर्षाला आम्हाला गावात राहायला पाठवतात, मुलींना 'कृषिकन्या' म्हणतात, मुलांना 'कृषिदूत'. बातम्यांत फोटो येतात, 'कृषिकन्यांनी दिले बोर्डो मिश्रणाचे धडे' वगैरे. फोटोत सगळे शेतकरी कौतुकानं बघताना दिसतात. फोटो काढून झाला की काय होतं ते मी सांगते.

गावात सुपारीच्या बागा. पावसाळ्यात कोळेरोग येतो, फळं काळी पडून गळतात, त्यावर एक टक्का बोर्डो फवारायचा. आम्ही दहा लिटरचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात एका प्लॅस्टिकच्या बादलीत, शंभर ग्रॅम कळीचा चुना पाच लिटरमध्ये दुसऱ्या बादलीत, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळत राहायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही. निळा असा येतो ना रंग, मोरपिशी! फोटो झाला. लोक पांगले.

एक आजोबा तिथंच बसून राहिले. उघडे, कमरेला पंचा, हातात आकडी कोयती. म्हणाले, "बाय, हे मी चाळीस वर्षं करतो. तुझं बरोबर झालं कशावरून?"

मी म्हटलं, "कोयती द्या." पातं मिश्रणात बुडवलं, थोडा वेळ धरलं, बाहेर काढलं. पात्यावर तांबूस पुटं. म्हणजे मोरचुदातलं तांबं मोकळं राहिलेलं, चुना कमी पडलेला. फवारलं असतं तर झाड भाजलं असतं. सगळ्या गावासमोर मी करून दाखवलेलं मिश्रण चुकलेलं होतं आणि ते शोधून काढणारीही मीच. चुना दुकानातच बरेच दिवस उघडा पडलेला असणार. चुन्याची निवळी आणखी घातली, पातं पुसून पुन्हा बुडवलं. या वेळी कोरं.

आजोबा "हूं" म्हणाले, कोयती घेऊन निघून गेले. मैत्रिणी म्हणाल्या, गेली आपली अब्रू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही राहत होतो त्या घराच्या पायरीवर आजोबा. पंच्याच्या टोकात बांधून चार काळवंडलेल्या सुपाऱ्या आणल्या होत्या. "मॅडम उठल्या का?" असं आतल्या काकूंना विचारत होते. मी दात घासत होते. मागं वळून बघितलं, म्हटलं कोणती मॅडम.


जुना_पाना
रविवार, दुपारी १२:२५

सुंदर. कोयती पुसून परत दिलीत ना? मोरचुदानं पातं खराब होतं.


कोळेरोग
रविवार, दुपारी १२:३१

@जुना_पाना, दिली हो. तुम्ही प्रत्येक धाग्यावर असेच असता का?


विंगेतला
रविवार, सायंकाळी ६:००

पुरुषोत्तम करंडक. १९६३ पासून चालू असलेली पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, त्याबद्दल जास्त सांगत बसत नाही. 'आवाज कुणाचा' वगैरे ओरडणारे बाहेर असतात, मी भरत नाट्य मंदिराच्या विंगेत काळा टीशर्ट घालून. एका प्रवेशानंतर ब्लॅकआउट, त्यात एक खाट उचलून टेबल आणायचं. तालमीत दर वेळी पाय आपटायचा, आवाज व्हायचा, दिग्दर्शक शिव्या घालायचा. प्रयोगाच्या दिवशी अंधार झाला, खाट गेली, टेबल आलं, लाइट आला. आवाज नाही. प्रयोगानंतर दिग्दर्शक सगळ्यांना मिठ्या मारत सुटला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, "खाट होती का आज?" यापेक्षा मोठं बक्षीस आम्हाला तरी मिळालं नाही. नाटक प्राथमिकलाच बाद झालं.


तिसरा_बाक
रविवार, रात्री ८:४५

मी कॉलेजात अशी मुलगी होते की हजेरीला 'प्रेझेंट' म्हटलं की मास्तर वर बघून खात्री करायचे. दोन वर्षं गॅदरिंगला गेले, फिशपॉन्ड ऐकले (आमचे एक जुने सर त्याला आग्रहानं शेलापागोटे म्हणायचे), हसले, घरी आले. ठरलेल्या दहा-बारा जणांनाच फिशपॉन्ड पडायचे.

तिसऱ्या वर्षी चिठ्ठी वाचणाऱ्यानं माझं नाव घेतलं. मला वाटलं दुसरी कुणी असेल. चिठ्ठी अशी होती: "खिडकीला गज आहेत म्हणून कॉलेजात आहे, नाहीतर कधीच उडून गेली असती."

अख्खा हॉल हसला आणि माझ्याकडे वळला. मी खिडकीशी बसते हे कुणाला तरी माहीत होतं! कुणी टाकला ते आजतागायत कळलेलं नाही. (नियम माहीत आहे, त्या दिशेला काही नव्हतं.)


फेनॉल्फ्थॅलीन
रविवार, रात्री ११:५५

सगळं वाचलं. तुम्ही बहुतेक सगळे माझ्या बाबांच्या वयाचे आहात, म्हणून आमच्या पिढीतर्फे एक.

मी बी.फार्मची. २०२४ ची अ‍ॅडमिशन. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी सरकारनं पूर्ण माफ केली ती पहिली बॅच. बाबांनी तेव्हा पेढे वाटले होते. माझ्या मार्कांचे नव्हे, जीआरचे.

पहिल्या सेमला टायट्रेशन, म्हणजे आम्ल किती आहे ते थेंबाथेंबानं मोजून काढायचं. वरून ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब, खाली फ्लास्कमध्ये आम्ल आणि दोन थेंब फेनॉल्फ्थॅलीन. गुलाबी यायला हवा तो इतका फिका की आला का नाही असं शेजारणीला विचारावं लागावं. एक थेंब जास्त गेला की थेट राणी कलर. माझे सगळे फ्लास्क राणी कलर. मॅडम म्हणाल्या, "लग्नाच्या साड्या रंगवतेस का?" मग सगळे करतात तेच, जर्नलमध्ये रीडिंग मनानं.

डिसेंबरात एका प्रॅक्टिकलला लॅबमध्ये कमी जण होते. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवला. शेवटी शेवटी ब्युरेटची कॉक इतकी हळू फिरवली की थेंब पडेना, टोकाशी नुसता लोंबकळत राहिला. तो फ्लास्कच्या आतल्या काचेला टेकवला आणि वॉश बॉटलनं खाली धुऊन घेतला. अर्धा थेंब. रंग आला. गेला नाही. १०.२. परत केलं, १०.२. तिसऱ्यांदा हात थरथरत होता, १०.२. तीनही रीडिंग खरी! फोटो काढला तर त्यात फ्लास्क पांढराच दिसतोय. कुणाला दाखवायची सोय नाही.

आता शंका. राहिलेला विषय सुटला तर तो निकालात धरता का? मंगळवारी लागेल म्हणतात.


बेदाणा
सोमवार, सकाळी ९:००

टायट्रेशन फार आवडलं. पण विषय सुटणं म्हणजे निकालच की गं. नियमात बसत नाही.


टोपो_बहाद्दर
सोमवार, सकाळी ९:३०

धागाकर्तीबाई, तीव्र आक्षेप. धाग्याचं नाव परत वाचा. 'ज्याचे पेढे कुणी वाटले नाहीत.' बॅक सुटल्याचे पेढे आजवर कुणी वाटलेत? कसे वाटणार? बॅक राहिली होती हेच घरी सांगितलेलं नसतं!


सात_बेचाळीस
सोमवार, सकाळी ९:३४

हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडे केटी म्हणतात. माझ्या दोन होत्या. आईला अजून माहीत नाही.


कोळेरोग
सोमवार, सकाळी ९:५०

एक. कीटकशास्त्र.


विंगेतला
सोमवार, सकाळी १०:०२

मोजत नाही.


टोपो_बहाद्दर
सोमवार, सकाळी १०:४०

माझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. पुण्यातल्या इंजिनिअरना एवढं म्हटलं तरी पुरे. तीनदा राहिला, चौथ्यांदा सुटला. निकाल पाहिला तेव्हा खोलीवर एकटाच. घरी फोन करावा तर काय सांगायचं, आई, एक गोष्ट वाईट होती ती आता बरी झाली? म्हणजे आधी वाईट सांगायची, मग तिचं रडणं, मग चांगली. नको.

एम-थ्रीचं पुस्तक उचललं, अप्पा बळवंत चौकात गेलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानं पानं चाळली, पहिल्या दोन धड्यांवर पेन्सिलीच्या खुणा, पुढचं कोरंकरकरीत. म्हणाला, "सुटला वाटतं." मी मान हलवली. त्यानं ठरलेल्या भावापेक्षा दहा रुपये जास्त दिले. का ते विचारलं नाही. त्या पैशांची मस्तानी प्यायलो, एकट्यानं, उभ्यानं.

तेव्हा नियम बदला.


कोरडा_पाऊस
सोमवार, सकाळी ११:१५

बदला. माझीही एक होती. अर्थशास्त्र.


बेदाणा
सोमवार, दुपारी १:२०

बरं बाबांनो. बॅक, केटी, जे काय असेल ते चालेल. @फेनॉल्फ्थॅलीन, मंगळवारी इथं लिही.

आणि माझीही होती. अकाउंट्स. त्या सहा महिन्यांत शनिवारी घरी जायचं टाळायचे, अभ्यास आहे सांगायचे. अभ्यास होताही, फक्त कशाचा ते सांगत नव्हते.


शिक्का_८९
सोमवार, दुपारी ३:००

आम्ही त्याला सरळ 'उडाला' म्हणायचो. उडालेले दोन. भावाचे तीन. त्याच्यापेक्षा कमी, एवढं नोंदवून ठेवतो.


फेनॉल्फ्थॅलीन
मंगळवार, रात्री ७:१२

साइट दुपारपासून बंद होती. आत्ता उघडली.

सुटला. फिका गुलाबी. काठावर.


टोपो_बहाद्दर
मंगळवार, रात्री ७:१४

आवाज कुणाचा!!!


विंगेतला
मंगळवार, रात्री ७:१५

ते वाक्य माझं होतं. अभिनंदन पोरी!


कोरडा_पाऊस
मंगळवार, रात्री ७:३०

अभिनंदन. क्रीमरोल माझ्याकडून.


जुना_पाना
मंगळवार, रात्री ८:०५

मूळ गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि स्कॅन दोन्ही आत्ताच करून ठेव. पुढे लागते.


बेदाणा
मंगळवार, रात्री १०:२०

अभिनंदन गं! घरी सांगितलंस की नाही ते विचारत नाही.

रविवारी गावाला गेले होते. या धाग्यामुळे वहिनीला विचारलं, माझा तो डबा कुठाय. डबा केव्हाच मोडीत गेला म्हणाली, झाकण आहे. शेंगदाण्याच्या कुटाच्या बरणीवर ठेवलेलं. माझं नाव घासून घासून पार गेलंय, खाली 'ली स्टँड' एवढं उरलंय, आणि अनुस्वाराचा तो ओघळ. बरणीचं तोंड मोठं आहे, झाकण नीट बसत नाही, मुंग्या जातात. वहिनीनं दोनदा नवीन आणलं होतं. आई बदलू देत नाही म्हणे.